आयडल बिघडले म्हणून टर्बो बदलू नका

महोदय,

टर्बो पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरू लागली, आरपीएमचा काटा वरखाली होऊ लागला, की पहिला संशय टर्बोवर, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्रावर, घेतला जातो. मोठा खर्च मालकाच्या माथी बसतो आणि काटा काही स्थिर होत नाही. याचे कारण इंजिनाच्या कामकाजातच आहे. गरम इंजिन ७०० ते ८५० आरपीएमला आयडल करत (पेडल न दाबता नुसते चालू) असताना एक्झॉस्टचा झोत इतका क्षीण असतो की टर्बोकडून बूस्ट (वाढीव दाबाची हवा) जवळपास मिळतच नाही. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, बहुतांशी बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी असतो. टर्बोचे ऑइल सील गेले असेल तर निळा धूर दिसेल, ऑइल कमी होईल. नुसत्या अस्थिर आयडलसाठी टर्बोकडे वळायचे ते सर्वात शेवटी.

आधी शोधायची ती हवेची गळती, आणि ती कुठे आहे यावर सगळे अवलंबून आहे. थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामध्ये एखादा होज चिरला असेल, तर आयडलला तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बूस्टमध्ये त्याच चिरेतून दाबाखालची हवा बाहेर पडते. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधला इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप सैल असेल, तर आयडलवर फारसा फरक जाणवत नाही. ताकद मात्र कमी होते आणि जोरात पळवताना काळा धूर येतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी स्कॅनर लावावा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो त्या आकड्यांची) बेरीज गरम इंजिनावर आयडलला बघावी, मग २,५०० आरपीएमला धरून बघावी. आयडलला अधिक १५-२० टक्के आणि वर नेल्यावर शून्याजवळ येत असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आहे. उलट भार वाढेल तसा ट्रिम चढत गेला, तर इंधनाचा दाब कमी आहे किंवा आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलेला आहे. पी-०१७१ हा (हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचा) कोड दोन्हींत येऊ शकतो, त्यामुळे नुसता कोड वाचून पार्ट मागवणे चूकच. ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नाही, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजला जातो, तिथे गळती असूनही ट्रिम ठीक दिसतो आणि आयडल उंच राहते.

गळतीच्या जागांत सर्वाधिक दुर्लक्षित म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह. त्याचा रबरी पडदा फाटला की इंजिनाजवळ बारीक शिट्टी ऐकू येते आणि चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण आतल्या ओढीने सहज निघत नाही. हलकी ओढ असणे बिघाड नव्हे. झाकण घट्ट चिकटून बसणे हा बिघाड. त्यानंतर पेट्रोलच्या टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी नीट सुरू होत नसेल, तर कॅनिस्टरकडून (ती वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारा होज काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे. गाडी सुरू केल्या केल्या, थंड इंजिनावर तिथे ओढ लागायला नको. जादा बूस्ट वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हची व्हॅक्यूम नळी आणि ब्रेक बूस्टरचा होजही तपासावा.

गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारण्याची सवय टर्बो गाडीत सोडून द्यावी अशी कळकळीची विनंती आहे. टर्बोचे तापलेले हाउसिंग तिथेच शेजारी असते, फवारा पेट घेऊ शकतो. स्मोक मशीन लावावी. अगदी कमी दाबाचा धूर चिरेतून दिसतो. दाब देऊन चाचणी करायची असेल तर रेग्युलेटर हवाच, दाब गाडीच्या स्वतःच्या बूस्टपेक्षा कमी ठेवावा आणि ब्रीदर होज (क्रँककेसची वाफ बाहेर काढणारी नळी) वेगळा करून बंद करावा, नाहीतर क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या पोकळीत) दाब साचून ऑइल सील निघतात.

गळती नसेल तर स्कॅनरवर मिसफायर काउंटर (कोणत्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही त्याची मोजणी) बघून त्या सिलिंडरची कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) शेजारच्याशी अदलाबदल करावी. मिसफायर कॉइलसोबत सरकला तर कॉइल खराब. स्पार्क प्लगचा गॅप टर्बो इंजिनात बहुधा ०.६ ते ०.८ मिमी असतो, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलातूनच घ्यावा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात) इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नसल्याने तिथे कार्बन साचतो, आणि गाडी थंड असतानाच जास्त थरथरते. थ्रॉटल बॉडी साफ करताना इग्निशन चालू ठेवून पाकळी बोटाने ढकलू नये, गिअर तुटतात. साफसफाईनंतर आयडल रीलर्न करावे लागते, म्हणजे संगणकाला थ्रॉटलची स्थिती पुन्हा शिकवावी लागते. ते न केल्यामुळे काटा आधीपेक्षा जास्त हललेलाही दिसतो.

आपल्या वृत्तपत्रातून गाडीमालकांना एवढे जरूर सांगावे, की पार्ट बदलायला होकार देण्याआधी आयडलचा आणि २,५०० आरपीएमचा ट्रिम जॉब कार्डवर लिहून घ्यावा. दुरुस्तीनंतर कोड पुसून, गाडी पुरेशी चालवून तेच दोन आकडे पुन्हा घ्यावेत. ते अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आसपास आले नाहीत, तर बिघाड अजून तिथेच आहे असे समजून तपास पुढे न्यायला सांगावे.

– एक वाचक