अंबाझरीच्या वनमजूर काकांना, मनापासून

नागपूर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

अंबाझरी जैवविविधता उद्यानात रोज सकाळी फिरायला, सायकल चालवायला कितीतरी नागपूरकर येतात. त्यांना सावली दिसते, मोर दिसतात, तुमचं काम मात्र दिसत नाही. म्हणून तुमचे आभार सगळ्यांसमोर मानतो आहोत.

जंगलात कोणत्या महिन्यात कोणतं काम करायचं, हे आम्ही रविवारचे श्रमदानवाले तुमच्याकडून शिकलो. सुरुवात रायमुनियापासून, म्हणजे घाणेरीपासून झाली. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आलेलं हे झुडूप आता कुठे कुठे पसरलंय, ते आपण पाहतोच. "वरून छाटली त दुप्पट फुटते जी," असं म्हणून तुम्ही उकिडवे बसलात, बुंध्याभोवतीची ओली माती हातानं सारली आणि जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली, मूळ जिथे सुरू होतं तिथे कुदळीचा एकच नेमका घाव घातलात. मग अख्खं झुडूप उलटं करून मुळं आभाळाकडे ठेवलीत, म्हणजे ते पुन्हा मातीला लागायला नको. पावसानं जमीन मऊ असते तेव्हाच हे काम होतं आणि फळं काळी पडायच्या आत ते उरकावं लागतं. फळं बुलबुल खातात आणि बसायच्या झाडाखालीच बिया टाकतात. त्यामुळे मोकाट फिरत उपटण्यापेक्षा आधी प्रत्येक मोठ्या झाडाखाली बघायचं, हेही तुमचंच शिकवणं. कोवळी रोपं तिथेच सापडतात, आणि ती हातानं सहज निघतात.

जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा. तिचं काम सगळ्यात कष्टाचं, आणि त्याला माणसं सगळ्यात कमी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. पळस फुलायच्या आत रेषा तयार हवी, हा तुमचा हिशेब. गवत कापा, पाला ओढा, कडा साफ करा, आणि वारा सुटला की पुन्हा पाला येऊन पडतो, पुन्हा झाडा. एप्रिलमध्ये असंच झाडताना तुम्ही एकदम हात वर करून सगळ्यांना थांबवलंत. समोर उघड्या मुरमावर टिटवीची चार अंडी होती, मुरमासारखीच ठिपकेदार. पाय पडला असता तरी कळलं नसतं. तुम्ही तेवढा तुकडा सोडून काम पुढे नेलंत. आम्हीही तिथून लांबूनच गेलो.

गवताळ भागाबद्दलची तुमची तळमळ आम्हाला पूर्ण पटली आहे आणि ती इथे ठासून सांगतो. जून-जुलैत रोपं लावायला गर्दी होते, मोकळी जागा दिसली की खड्डे खणले जातात. पण ती जागा रिकामी नाही. चंडोल, तितर, टिटवी यांचं घर तेच आहे. तिथे झाडांची रांग लावणं म्हणजे त्यांना हुसकून लावणं. झाडं जिथे होती आणि गेली, तिथे जरूर लावावीत, आणि मे महिन्यात त्यांना पाणी घालायलाही यावं.

मे महिना म्हटलं की पाणवठे आलेच. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान पाहिलेलं हे शहर. नवतपात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तुम्ही पाणवठ्याचं शेवाळ खरवडून काढता, पाणी बदलता आणि आत एका कडेला तिरपा दगड टाकता, पडलेल्या खारीला, सरड्याला वर चढून येता यावं म्हणून. त्या दगडाची गोष्ट आमच्यातल्या लहान मुलांनी शाळेत जाऊन सांगितली.

पक्षी सप्ताहात तुम्ही मुलांना तलावाकडे नेलंत, त्याचेही आभार. ५ नोव्हेंबरला निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबरला पक्षितज्ज्ञ सालीम अली यांचा जन्मदिवस, म्हणून २०२० पासून राज्यात हा आठवडा साजरा होतो. चितमपल्ली तर कितीतरी वर्षं आपल्या नागपुरातच राहिले. मुलांना दुर्बिणीतून पाहण्यापेक्षा तुमच्याकडून आवाज ओळखण्यातच जास्त गोडी वाटली.

काका, यंदा जानेवारीच्या पहिल्या रविवारपासून आम्ही जाळरेषेला येतो आहोत. विळे आणि दाताळी आमची आम्ही आणू, डबा तुमच्यासाठीही आणू. कुठल्या बाजूनं सुरुवात करायची, तेवढा निरोप आधी द्या. हिंगणा रोड, वाडी, दाभा इथल्या ज्यांना यायचं असेल, त्यांनीही सकाळी साडेसहाला गेटवर यावं. अंगभर कपडे आणि बंद बूट घालावेत, कुसळं फार टोचतात.

आपले ऋणी,
अंबाझरीतले रविवारचे श्रमदानवाले