चुकीच्या कागदांवर गोपनीयतेचा शिक्का

महोदय,

सरकारी गोपनीयतेचा विषय निघाला की राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे येते आणि चर्चा तिथेच संपते. सैन्याच्या हालचाली किंवा खबऱ्यांची नावे गुप्त राहिली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. ज्या खात्याच्या हातून चूक घडली, त्या चुकीची कागदपत्रे गोपनीय ठरवण्याचा अधिकारही त्याच खात्याकडे असतो आणि तो निर्णय कागद उघडून तपासणारे बहुधा कोणीच नसते.

अमेरिकेतील रेनॉल्ड्स खटला या दृष्टीने मुळापासून पाहण्याजोगा आहे. ६ ऑक्टोबर १९४८ रोजी जॉर्जिया राज्यातील वेक्रॉस येथे हवाई दलाचे बी-२९ विमान गुप्त इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणीदरम्यान इंजिनाला आग लागून कोसळले. नऊ जण दगावले. त्यांतील तिघे नागरी तंत्रज्ञ होते. या तिघांच्या पत्नींनी भरपाईचा दावा लावला आणि अपघाताचा चौकशी अहवाल मागितला. अहवाल उघड झाल्यास सुरक्षेला बाधा येईल, असे हवाई दलाने सांगितले. तो निदान न्यायालयाला तरी खासगीत दाखवावा, असा आदेश न्यायाधीशांनी दिला. सरकारने तोही मानला नाही, तेव्हा निकाल विधवांच्या बाजूने लागला. मात्र १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला, आणि तेही वादातला अहवाल स्वतः न वाचता. सरकारला कागदपत्रे न्यायालयापासूनही दूर ठेवू देणारा अमेरिकेतला विशेषाधिकार आजही याच निकालाच्या आधारावर उभा आहे.

पुढे त्या अहवालाची गोपनीयता उठली आणि २००० साली तो मृत तंत्रज्ञांपैकी एकाच्या मुलीच्या हाती पडला. इंजिनाला आग लागू नये म्हणून उष्णतारोधक कवच बसवण्याचे लेखी आदेश असतानाही ते या विमानावर बसवलेले नव्हते आणि संकटकाळी विमानातून बाहेर कसे पडायचे हे नागरी तंत्रज्ञांना नीट समजावलेले नव्हते, हे त्यात नोंदवलेले होते. ज्या उपकरणांच्या नावाने अहवाल दडवला, त्यांच्या तांत्रिक रचनेचा तपशील त्यात नव्हता. कुटुंबांनी पुन्हा दाद मागितली, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. नवरा गमावलेल्या स्त्रीला तो कोणाच्या हलगर्जीपणामुळे गेला हे न सांगणे यात देशाचे कोणते संरक्षण झाले, याचे उत्तर त्या कुटुंबांना आजवर कोणी दिलेले नाही.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९५७ मध्ये विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली, तेव्हाही असेच घडले. अमेरिकेशी होऊ घातलेल्या अणुसहकार्यावर परिणाम होईल या धास्तीने पंतप्रधान मॅकमिलन यांनी पूर्ण चौकशी अहवाल रोखून ठेवला आणि जाहीर झालेल्या श्वेतपत्रिकेत भट्टी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या निर्णयातील चुकांवर ठपका आला. हेच कर्मचारी जिवावर उदार होऊन ती आग विझवणारे होते. मूळ अहवाल खुला व्हायला १९८८ साल उजाडले. गोपनीयतेमुळे दोष नाहीसा होत नाही, तो वरच्यांकडून खालच्यांच्या माथी जातो, आणि माझ्या मते हा अन्याय माहिती दडवण्याइतकाच गंभीर आहे.

नियम नाहीत असे नाही. कायद्याचा भंग, अकार्यक्षमता किंवा प्रशासकीय चूक झाकण्यासाठी, अथवा कोणाची नामुष्की टाळण्यासाठी कागदपत्रे गोपनीय ठरवता येणार नाहीत, असे अमेरिकी अध्यक्षांच्या २००९ च्या आदेशात स्पष्ट लिहिले आहे. पण शिक्का मारणाऱ्याचा खरा हेतू कागद वाचल्याशिवाय कळणार कसा? म्हणून कोणत्याही लोकशाही देशात सरकारने न्यायालयापुढे गोपनीयतेचा दावा केला, तर न्यायाधीशांनी मूळ कागद बंद दालनात स्वतः वाचणे बंधनकारक असावे. खरोखर संवेदनशील असलेला मजकूर झाकून उरलेला भाग पीडितांना मिळावा. मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या अपघाताचा चौकशी अहवाल गोपनीय ठरवण्याचा निर्णय संबंधित खात्याकडे न ठेवता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, आणि त्या यंत्रणेने आपली कारणे लेखी नोंदवावीत.

आपला,
एक वाचक