लहान टेबल सॉची स्लेड : नुसती मापे निम्मी करून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छंदविषयक पुरवणीत लहान टेबल सॉसाठी (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचे कापयंत्र) आडव्या कापाची स्लेड, म्हणजे माल पात्यावरून नेणारा सरकता पाट, कशी करावी, यावर आलेला मजकूर वाचला. विषय घेतलात हे चांगलेच झाले. पण दिलेली कृती मुळात १० इंची पात्याच्या सुतारी यंत्राची आहे. लांबी-रुंदी निम्मी करून ती चार इंची पात्याला लावली आहे, एवढेच. १२ मिमी प्लायचा तळ, 'खाचेत बसेल अशी' लाकडी पट्टी आणि गुण्या लावून स्क्रूने आवळलेली फेन्स, म्हणजे माल टेकवायची उभी पट्टी. मोठ्या यंत्रावर हे खपून जाते, लहान यंत्रावर या तिन्ही गोष्टी आडव्या येतात.

आधी तळाचा हिशेब. १०० मिमी व्यासाचे पाते टेबलावर निघून निघून साधारण २५ मिमी निघते. बाकीचे पाते आणि त्याचा आस टेबलाखालीच राहतो. १२ मिमीचा तळ घातला की उरले १३. पन्नास-साठ मिमी पात्याच्या अगदी छोट्या यंत्रांत पाते जेमतेम आठ-दहा मिमी वर येते. तिथे या तळातून पात्याचे टोकही बाहेर दिसणार नाही. म्हणून तळ ३ मिमीचाच हवा. चांगला बर्च प्लाय किंवा बेकलाइट शीट घ्यावे. अ‍ॅक्रिलिक दिसायला देखणे, पण पाते घासून तापले की ते कापाच्या फटीत वितळून चिकटते.

३ मिमी प्लाय वाकतो ही तक्रार खरी आहे. त्यावर गुळगुळीतपणासाठी लॅमिनेट चिकटवायचे असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटवावे. एकाच बाजूला चिकटवले की महिनाभरात तळाची होडी होते. तळाला ताठ ठेवण्याचे खरे काम मात्र पुढच्या आणि मागच्या उभ्या पट्ट्या करतात. पलीकडची पट्टी, म्हणजे काम करणाऱ्यापासून दूरची, तळाला कायमची चिकटवून टाकावी. तिचा कोनाशी संबंध नाही, पात्याने तळात पाडलेल्या फटीच्या दोन्ही बाजू जोडून धरणे हेच तिचे काम. अलीकडची पट्टी ही खरी फेन्स, तिला माल टेकवायचा. ती सरळ रेषांच्या कठीण लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियम अँगलची करावी. पूर्ण वर काढलेल्या पात्यापेक्षा दोन्ही पट्ट्या मध्यभागी निदान १५ मिमी उंच हव्यात, नाहीतर पाते पट्टीचेच दोन तुकडे करील.

तळाची लांबी अंदाजाने ठरवू नये. समजा ६ मिमी जाडीचा माल कापायचा आहे. तळाचे ३, मालाचे ६ आणि वर १ असे पाते १० मिमी वर काढले. १०० मिमी पात्याचा आस तेव्हा टेबलाच्या ४० मिमी खाली असतो, म्हणजे टेबलाच्या पातळीवर पात्याची लांबी बरोबर ६० मिमी भरते (३०-४०-५०चा काटकोन त्रिकोण). माल ७० मिमी रुंद असेल, तर पाते मालाला लागण्याआधीपासून माल पूर्ण कापला जाईपर्यंत स्लेड जवळजवळ १३० मिमी सरकायला हवी, आणि तेवढ्या वाटेत कुठेही ती टेबलाच्या कडेवरून निम्म्याहून जास्त बाहेर लोंबता कामा नये. छोट्या टेबलावर मालाची कमाल रुंदी ठरते ती यामुळे. पात्याची ताकद हा नंतरचा प्रश्न.

आता रनर, म्हणजे स्लेडच्या तळाखालची, टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी. पुरवणीतला मजकूर इथे एका वाक्यात आटोपला आहे आणि निम्म्या स्लेड इथेच बिघडतात. पट्टीला हात लावण्याआधी टेबलाची खाच पात्याला समांतर आहे का ते पाहावे. प्लग काढून पात्याच्या एका दाताला खूण करावी. तो दात पुढे आणून खाचेच्या कडेपासूनचे अंतर मोजावे, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजावे. दात तोच ठेवला की पात्याची डुगडुग मापात येत नाही. दोन मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर मोटरचे माउंटिंग स्क्रू सैल करून आधी तो फरक काढावा. हे राहिले तर स्लेड कितीही काटकोनात असली तरी पात्याची मागची बाजू माल घासत राहते, कापाची कड काळी पडते आणि दोष पात्याच्या धारेवर जातो.

स्वस्त यंत्रांत टेबलाच्या दोन खाचा एकमेकींना समांतर असतीलच असे नाही. दोन्हींत घट्ट रनर घातले की स्लेड अर्ध्यावर अडकते. त्यामुळे एकाच खाचेत नेमका बसणारा रनर घालावा. दुसरा घालायचाच असेल तर तो मुद्दाम सैल ठेवावा. काही यंत्रांना खाचच नसते. तिथे टेबलाच्या एका सरळ कडेला बाहेरून पट्टी लावावी आणि समोरच्या कडेला हलकी स्प्रिंगपट्टी, म्हणजे स्लेड कायम एकाच बाजूला दाबलेली राहते.

लहान खाचेला लाकडी रनर मी सुचवणार नाही. पाच-सहा मिमी रुंद पट्टीत स्क्रू शिरला की लाकूड फाटते, आणि फाटले नाही तर स्क्रूच्या जागी फुगून खाचेत रुतते. मऊ प्लॅस्टिकचेही तसेच. पितळेची चपटी पट्टी सर्वात सोयीची. तिची जाडी खाचेच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी कमी हवी, म्हणजे तळाशी साचलेला भुसा स्लेडला उचलत नाही. पट्टीत २.१ मिमीचे छिद्र पाडून एम २.५चे (२.५ मिमी व्यासाच्या स्क्रूचे) आटे काढावेत आणि चपट्या डोक्याचे ५ मिमी लांबीचे स्क्रू तळाच्या वरून, डोके बुडवून, पट्टीत आवळावेत. ३ मिमी तळ आणि ३ मिमी पट्टी मिळून ६. स्क्रू त्याहून लांब नको, नाहीतर टोक खाली निघून टेबल खरवडते.

पट्टी जागेवर बसवायची ती खाचेतच. खाचेत कार्डाचे तुकडे घालून पट्टी टेबलापेक्षा केसभर वर येईल अशी ठेवावी, तिच्यावर पातळ दुहेरी टेप लावावी, तळ पात्याच्या बाजूने नीट धरून वरून दाबावा, मग उचलून छिद्रे पाडावीत. टेपऐवजी सुपरग्लू वापरणारे खूप आहेत. चालतो, पण दोनच थेंब आणि टेबलाला आधी मेण लावून. जास्त झाला की तो पट्टीच्या कडेने खाली ओघळतो आणि स्लेड टेबलालाच चिकटून बसते.

पट्टी घट्ट लागत असेल तर सरसकट कानस फिरवू नये. पट्टीच्या दोन्ही कडांना मार्करची काळी शाई फासून स्लेड पाच-सहा वेळा मागेपुढे करावी. जिथे शाई जाऊन पितळ चमकते तेवढीच जागा अडते आहे. तिथे ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून दोन-चार हात मारावेत, पुन्हा शाई, पुन्हा सरकवणे. याउलट पट्टी सैल असेल तर तिच्या कडेजवळ सेंटर पंचने पंधरा-वीस मिमीच्या अंतराने हलके ठोके द्यावेत. ठोक्याभोवतीचे पितळ कडेला किंचित फुगते आणि ढिलाई भरून निघते. पितळ निवडण्याचे माझ्या मते हेच सर्वात मोठे कारण. ढिलाईचा हिशेबही सांगतो : १५० मिमी लांब रनरला ०.१ मिमी खेळ असेल, तर ६० मिमीच्या कापात ०.०४ मिमी चूक येते, आणि तीही दर वेळी वेगळ्या दिशेला. फेन्स जुळवून ती जाणार नाही.

फट पाडण्याचा क्रम उलटा होऊ देऊ नये. पलीकडची पट्टी आधी चिकटवून वाळू द्यावी, मगच स्लेड पात्यावर न्यावी आणि अलीकडच्या फेन्सच्या जागेच्या थोडे पुढे गेल्यावर थांबावे. पट्टी नसताना तळ आरपार कापला तर हातात दोन तुकडे येतात. ही फट पात्याच्या जाडीचीच असते आणि लहान कामात तिचाच फायदा होतो : मालाचे रेषे खालून आधारलेले राहतात, दोन मिमीचा तुकडाही टेबलाच्या भोकात पडत नाही. म्हणून एक स्लेड एकाच पात्यासाठी ठेवावी. अर्ध्या मिमीच्या पात्याने पाडलेल्या फटीतून एकदा १ मिमीचे पाते नेले की पातळ पात्यासाठी ती फट वाया गेली.

आता फेन्सचा काटकोन. सुताराच्या साध्या गुण्यातच कित्येकदा आपल्याला हव्या त्या अचूकतेपेक्षा जास्त फरक असतो. गुण्याने फेन्स अंदाजे लावावी आणि पुढे पाच कापांची रीत वापरावी. फेन्सच्या उजव्या टोकाला एक स्क्रू खिळीसारखा ठेवावा, डाव्या टोकाच्या स्क्रूसाठी लांबट छिद्र. साधारण ६५ मिमी चौरस एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीचा) तुकडा घ्यावा. तुकडा पात्याच्या डावीकडे धरून उजवी कड दोन-तीन मिमी कापावी. मग तुकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा, म्हणजे नुकतीच कापलेली कड फेन्सला टेकते. असे चार काप घ्यावेत. पाचव्या वेळी पाच मिमीच्या आसपास रुंद पट्टी कापून ती जपून ठेवावी. तिचे फेन्सकडचे टोक कोणते, हे कापण्याआधीच पेन्सिलीने लिहावे. ही खूण विसरली की सगळे पुन्हा करावे लागते.

चारही कोपऱ्यांची चूक त्या एका पट्टीत गोळा झालेली असते. पट्टीची दोन्ही टोके व्हर्निअरने (बारीक मापे घेणाऱ्या कॅलिपरने) मोजावीत. उदाहरणार्थ, फेन्सकडचे टोक ५.३२ मिमी, पलीकडचे ५.०० मिमी आणि पट्टीची लांबी ६० मिमी. फरक ०.३२, भागिले ४, म्हणजे ६० मिमीला ०.०८ मिमी. फेन्सच्या दोन स्क्रूंमधले अंतर १२० मिमी असेल तर डावे टोक ०.१६ मिमी हलवायचे. कुठल्या दिशेला? फेन्सकडचे टोक जाड असेल तर फेन्सचे डावे टोक आपल्याकडे झुकलेले आहे, ते पुढे, पलीकडच्या पट्टीच्या दिशेने ढकलायचे. फेन्सकडचे टोक बारीक असेल तर उलट.

हे हलवणेही नजरेने जमत नाही. फेन्सच्या मागे, डाव्या टोकाशी, एक ठोकळा फेन्सला चिकटून क्लॅम्प करावा. डावा स्क्रू सैल करावा, ठोकळा आणि फेन्स यांच्यात ०.१५चे फीलर गेज (नेमक्या जाडीची धातूची पातळ पट्टी) सरकवावे आणि फेन्स त्यावर दाबून स्क्रू आवळावा. टोक मागे घ्यायचे असेल तर गेज मध्ये धरूनच ठोकळा क्लॅम्प करायचा आणि नंतर गेज काढून फेन्स ठोकळ्याला टेकवायची. दुसऱ्या फेरीत फरक ०.०४च्या आत आला की थांबावे, आणि फेन्समध्ये आणखी दोन स्क्रू घालून ती पक्की करावी. एवढा आटापिटा कशाला, असे वाटेल. पण ६० मिमीला ०.०८ची चूक असलेल्या स्लेडवर चौकट कापली, तर तीन कोपरे नीट मिटतात आणि चौथ्यात ०.३२ मिमीची फट दिसते. छोट्या नमुन्यावर ती लांबूनही डोळ्यांत भरते.

सारख्या लांबीचे तुकडे कापायला फेन्सवर स्टॉप ठोकळा लावावा. त्याचा खालचा कोपरा जरा छाटलेला हवा, म्हणजे भुसा तिथे साचून प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड होत नाही. स्टॉप आणि पाते यांच्यामधला तुकडा आखूड असेल तर तो बोटाने धरू नये. पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने दाबून धरावा आणि पाते थांबेपर्यंत सोडू नये. सुटा राहिला तर तो तिरका होतो, पात्यात अडकतो आणि उडतो. यंत्राची उभ्या कापाची फेन्स (टेबलावर पात्याला समांतर असते ती) स्टॉप म्हणून वापरण्याचा सल्ला मजकुरात आहे, तो सरळ काढून टाकावा. तुकडा फेन्स आणि पाते यांच्यात पाचरीसारखा अडकतो, आणि यंत्र छोटे म्हणून तो हळू उडत नाही.

शेवटी छायाचित्राबद्दल. त्यात कापाच्या अखेरीस पाते अलीकडच्या फेन्समधून मागे, काम करणाऱ्याच्या बाजूला निघालेले दिसते, आणि नेमक्या त्याच जागी अंगठा टेकवलेला आहे. तिथे फेन्सच्या मागे किमान ४० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा चिकटवलेला असायला हवा, आणि माल कापून झाला की स्लेड पुढे सरकूच नये म्हणून टेबलाच्या कडेला अडणारी एक आडवी पट्टी तळाखाली हवी. ही दोन लाकडे लावायला अर्धा तास लागतो. बाकीच्या दुरुस्त्या जमतील तेव्हा छापा. पण ते छायाचित्र बदलून ठोकळा लावलेल्या स्लेडचे छायाचित्र पुढच्याच पुरवणीत द्यावे, ही विनंती.

आपला,
लाकडाचे बारीक काम करणारा एक वाचक