मूल दवाखान्यात येत नाही, त्याला आणावे लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात मी बरीच वर्षे परिचारिका होते. तेथील केसपेपरवर स्वतःच्या हाताने शेकडो वेळा लिहिलेले एक वाक्य निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही : ‘रुग्ण फेरतपासणीस आला नाही.’ मोठ्या माणसाबद्दल हे वाक्य ठीक आहे. पण लहान मूल दवाखान्यात येत नसते, त्याला कोणीतरी आणावे लागते. ‘आणले नाही’ असे लिहिले असते, तर कोणी आणले नाही आणि का, हा पुढचा प्रश्न विचारणे भागच पडले असते.

दहा वर्षांची एक मुलगी आठ महिन्यांत तीनदा आमच्याकडे दाखल झाली. तिला लहानपणीच जडणारा मधुमेह होता. त्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नसल्याने ते रोज टोचावेच लागते. गोळ्यांवर किंवा काढ्यावर भागत नाही. तिन्ही वेळा ती धापा टाकत आली आणि तिन्ही वेळा साखर आटोक्यात आणून आम्ही तिला घरी पाठवले. दर वेळी डॉक्टर वेगळे आणि केसपेपर नवा, त्यामुळे ते तीन कागद कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला तिची पिशवी आवरताना पहिल्या वेळी दिलेली इन्सुलिनची बाटली माझ्या हाताला लागली. तिचे सीलही फोडलेले नव्हते. आईला विचारले तेव्हा ती दाराकडे पाहत हळूच म्हणाली, ‘सिस्टर, सुया टोचताना कोणी पाहिले तर उद्या पोरीचे लग्न कसे व्हायचे? घरचे नको म्हणतात.’ घर केळीच्या बागायतदाराचे होते, माणसे प्रतिष्ठित होती, म्हणून आम्ही कोणीच पुढे विचारले नाही. त्यात मीही होते. त्यानंतर तिला पुन्हा आणले नाही. कागदावर ‘आली नाही’ एवढेच आहे.

त्याच सुमारास पारोळ्याकडची एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. त्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरही भरत नव्हता, म्हणजे कुपोषण तीव्र होते. बोटांच्या बेचक्यांत खरूज होती. हेळसांड केली म्हणून आमच्यातल्या एकीने तिला सगळ्यांदेखत फटकारले. ती एवढेच म्हणाली, ‘त्याना मायबाप ऊस तोडाले गयात, मी एकली काय काय करू?’ दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेल्या जोडप्यांची मुले अशीच म्हाताऱ्या माणसांच्या ओटीत असतात. तिला बोलणी नव्हे, तर पोषण पुनर्वसन केंद्रातली खाट आणि तेवढे दिवस घरच्या बाकी मुलांची सोय हवी होती. तिने नातवाला आणले होते, हे आम्हाला दिसायला हवे होते.

मळके कपडे पाहून संशय घ्यायचा आणि दारातली गाडी पाहून गप्प बसायचे, ही आमची मोठी चूक आहे. एका खुणेवरून काहीच ठरत नाही. कमरेखालचा जन्मजात निळसर डागही घाईत माराचा वळ वाटतो. पण तेच दुखणे वारंवार उलटणे, सांगितलेले उपचार घरी न होणे, दर वेळी हकिगत बदलणे, विचारल्यावर मुलाने आधी मोठ्यांच्या तोंडाकडे पाहणे, हे एकत्र दिसू लागले की डोळेझाक करता येत नाही.

‘पुरावा कुठे आहे?’ असे डॉक्टर म्हणतात. पुरावा गोळा करणे हे रुग्णालयाचे काम नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 31 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयाचे व्यवस्थापन थेट बालकल्याण समितीपुढे नेऊ शकते, मात्र प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत. पुढची चौकशी ती समिती करते. कायद्याने शिक्षा ठेवली आहे ती जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीला, गरिबीला नव्हे. आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. त्यामुळे आपल्या एका फोनने घर मोडेल, ही भीती मनातून काढायला हवी. समितीपर्यंत कसे पोहोचायचे हे कळत नसेल, तर मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो. खासगी दवाखान्यांनाही हे सारे लागू आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी मुलांचे जुने-नवे केसपेपर एकाच फाइलमध्ये राहतील अशी व्यवस्था करावी. मूल ठरल्या दिवशी दिसले नाही, तर दुसऱ्या दिवशी गावच्या आशाताईंना फोन कोण करणार, त्या कर्मचाऱ्याचे नाव वॉर्डात लिहिलेले असावे. आणि फेरतपासणीच्या नोंदवहीत ‘आला नाही’ हा रकाना खोडून तेथे ‘आणले नाही, कारण’ असा रकाना आखावा. त्याला नवे अनुदान लागत नाही, पट्टी आणि पेन पुरते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
जि. जळगाव