बॅलेतली हसवणारी पोरगी विसरू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बॅलेवरचा लेख आवडीने वाचला. पण झुरून मरणाऱ्या नायिका आणि शापित राजकन्या यांच्यापुढे लेखक सरकलेच नाहीत. विनोदी बॅलेच्या वाट्याला एक ओळही येऊ नये? आजही रंगमंचावर होणाऱ्या सर्वांत जुन्या बॅलेंपैकी एक विनोदीच आहे, 'ला फीय मल गार्दे', म्हणजे 'नीट राखण न झालेली पोर'.

नृत्यरचनाकार झां दोबेर्वाल यांनी तो १ जुलै १७८९ रोजी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात प्रथम सादर केला. पंधरवड्याच्या आत तिकडे पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडला, फ्रेंच राज्यक्रांती पेटली. या बॅलेत ना देव, ना राजे, ना पऱ्या. लीझ ही खेड्यातली, शेतीवाडी असलेल्या विधवेची मुलगी. आईला जावई हवा श्रीमंत द्राक्षमळेवाल्याचा भोळसट मुलगा, आणि पोरीचा जीव जडलाय कोलास नावाच्या शेतकरी तरुणावर. चोरून आलेल्या कोलासला लीझ घाईघाईने आपल्या खोलीत लपवते आणि आई नेमकी तिला त्याच खोलीत कोंडून कुलूप लावते!

गंमत अशी की, दोबेर्वाल यांच्या मूळ पदन्यासातलं आज जवळपास काहीच उरलेलं नाही. संगीतही बदललं. आधी फ्रेंच लोकगीतांच्या चाली होत्या, १८२८ मध्ये पॅरिससाठी एरोल्ड यांनी नवं संगीत दिलं, १८६४ मध्ये बर्लिनसाठी हर्टेल यांनी. लंडनमध्ये १९६० साली नृत्यरचनाकार फ्रेडरिक अॅश्टन यांनी रॉयल बॅले या नृत्यसंस्थेसाठी सगळं नव्याने बसवलं, तेव्हा एरोल्ड यांचं संगीत जॉन लँचबेरी यांनी त्यांना नव्याने बांधून दिलं. टिकली ती गोष्ट आणि त्यातल्या जागा. एक जागा तर ऐकण्यासारखी आहे. घरात आपण एकटेच आहोत असं समजून लीझ लग्नाची, पोराबाळांची स्वप्नं नुसत्या हातवाऱ्यांनी रंगवते, मनातल्या एका मुलाला दटावते, आणि पेंढ्यांच्या ढिगातून कोलास उठून उभा राहतो. बिचारी लाजून चूर होते. जुन्या रशियन परंपरेतला हा प्रसंग रशियन नर्तकी तमारा कार्साविना यांनी अॅश्टन यांना स्वतः करून दाखवला. प्रभाव म्हणतात तो असा, हातातून हातात गेलेला.

अॅश्टन यांच्या प्रयोगात लीझची आई, विधवा सिमोन, पुरुष नर्तक करतो आणि लाकडी खडावांवर ताल धरतो. आपल्या तमाशातल्या गवळणीतली मावशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही बाई परकी वाटायची नाही. सुरुवातीलाच कोंबडा आणि कोंबड्या नाचतात, मध्येच खरंखुरं तट्टू रंगमंचावर येतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. नवरा म्हणून ठरवलेल्या अॅलनच्या मंदपणावर प्रेक्षकांना हसवलं जातं. अॅश्टन यांनी शेवटी त्याची लाल छत्री त्याला परत मिळवून दिली, हे खरं. पण तेवढ्याने तो हसण्याचा विषय व्हायचा राहत नाही. आज कुणी हा बॅले नव्याने बसवणार असेल, तर कस इथे लागेल.

आपण लेखमाला चालवणार आहात, असं त्या लेखाखाली म्हटलं आहे. तिच्यात १८७० च्या 'कोपेलिया' या विनोदी बॅलेलाही जागा द्यावी. आणि 'ला फीय'वर लिहाल तेव्हा छायाचित्र नायिकेचं नको, कोंबड्यांचं छापा.

– एक वाचक, सातारा