मेनिंजायटिसचा धोका जुन्या फाइलमध्येच लिहिलेला असतो

मा. संपादक,

मेनिंजायटिसचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की शेजारच्या चौकटीत ‘गर्दी टाळा, हात धुवा, घाबरू नका’ एवढाच सल्ला असतो. तो चुकीचा नाही, पण फार अपुरा आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज आणणारा हा आजार कोणालाही होऊ शकतो. तरीही जिवाणूंमुळे होणाऱ्या घातक प्रकाराचा धोका ज्यांना कित्येक पटींनी जास्त असतो, त्यातली बरीच माणसे आधीच ओळखता येतात. त्यांच्या जुन्या कागदपत्रांत ते कारण नोंदलेले असते, फक्त त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

प्लीहा (पोटात डावीकडे असणारी पाणथरी) काढलेल्यांचेच बघा. अपघातात प्लीहा फाटली, शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपतो. मेनिंजायटिस घडवणाऱ्या न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी) या जिवाणूंभोवती शर्करेच्या रेणूंचे कवच असते, त्यामुळे पांढऱ्या पेशी त्यांना सहज गिळू शकत नाहीत. रक्तातून त्यांना गाळून काढण्यात प्लीहेचा वाटा मोठा. ती गेल्यावर हा धोका आयुष्यभर राहतो. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या बऱ्याच मुलांची प्लीहा तर लहानपणीच निकामी होते. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर या तिन्ही जिवाणूंविरुद्धच्या लशी किमान दोन आठवडे आधी द्यायच्या. तातडीने करावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी. मेनिंगोकोकसची लस पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, आणि नेमकी हीच विसरली जाते. लशी सगळे उपप्रकार अडवत नाहीत. म्हणून अशा व्यक्तीला 38 अंश सेल्सिअसवर ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावे आणि प्लीहा नसल्याचे दारातच सांगावे.

डोक्याच्या दुखापतीबद्दल याहून कमी बोलले जाते. कवटीच्या तळाला तडा गेला की मेंदूभोवतीचे पाणी नाकातून किंवा कानातून झिरपू लागते. ज्या वाटेने पाणी बाहेर येते, त्याच वाटेने नाकातले जिवाणू आत शिरतात. बऱ्याच जणांची ही गळती काही दिवसांत आपोआप थांबते. ज्यांची थांबत नाही ते ‘सर्दी हटत नाही’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहतात. ओळखायच्या खुणा अशा: पाणी एकाच नाकपुडीतून येते, पुढे वाकल्यावर वाढते, पातळ आणि स्वच्छ असते, घशात उतरले तर चव खारट लागते. सर्दीचा रुमाल वाळल्यावर कडक होतो, या पाण्याचा होत नाही. ही खूण फक्त शंका घेण्यापुरती. खात्रीसाठी पाणी छोट्या बाटलीत धरून बीटा-2 ट्रान्सफेरिन या मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडणाऱ्या प्रथिनाची तपासणी करावी लागते. एकाच माणसाला दुसऱ्यांदा जिवाणूंचा मेनिंजायटिस झाला, तर असे छिद्र राहिले आहे का, हे शोधल्याशिवाय त्याला घरी सोडू नये, असे आमचे ठाम मत आहे.

वारंवार फुटणारा, दुर्गंधी येणारा कान हीसुद्धा अशीच एक वाट. कानामागे सूज आणि सोबत ताप असेल तर थेंब घालत बसण्यात वेळ जातो. कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचे श्रवणयंत्र) बसवून घेणाऱ्यांनी न्यूमोकोकसची लस किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

मधुमेह, मूत्रपिंड निकामी होणे, दारूचे व्यसन, केमोथेरपी, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स, एचआयव्ही यांनी प्रतिकारशक्ती खालावते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण काही दुर्मिळ आजारांत देतात त्या एक्युलिझुमॅबसारख्या, कॉम्प्लिमेंट (जिवाणू मारणारी रक्तातली प्रथिने) रोखणाऱ्या औषधांमुळे मेनिंगोकोकसचा धोका हजार पटींहून अधिक वाढतो. ते सुरू करण्याआधी लस आवश्यक आहे, आणि लशीनंतरही तापाकडे दुर्लक्ष चालत नाही.

तान्ह्या बाळांत अकाली जन्म, कमी वजन, पाणमोट फुटून 18 तासांहून अधिक काळ उलटणे आणि बाळंतपणात आईला ताप, या चार गोष्टी विचारल्याच पाहिजेत. एवढ्या लहान बाळाची मान बहुधा ताठ होतच नाही. ते दूध ओढत नाही, अंग सैल सोडते, चिरक्या आवाजात रडते, टाळू फुगते; कधी ताप येण्याऐवजी अंग गार पडते. घरात कोणाला फुप्फुसाचा क्षयरोग असेल तर पाच वर्षांखालील मुलाची तपासणी आणि प्रतिबंधक औषध लगेच सुरू व्हायला हवे. क्षयाचा मेनिंजायटिस दबक्या पावलांनी येतो: आठ-पंधरा दिवस किरकिर, उलट्या, बारीक ताप, मग गुंगी.

राहिला गर्दीचा मुद्दा. सुमारे दहा टक्के माणसांच्या नाक-घशात मेनिंगोकोकस निरुपद्रवीपणे राहतो. तो पसरतो जवळच्या, दीर्घ सहवासातून. म्हणून वसतिगृह, बराक, एका खोलीत झोपणारे कुटुंब यांना धोका अधिक. तंबाखूच्या धुराने तो आणखी वाढतो, स्वतः न ओढणाऱ्या मुलांचासुद्धा. भिंती आणि बाके फवारून काही साधत नाही. मेनिंगोकोकसचे निदान झाले तर निकटच्या व्यक्तींना शक्यतो 24 तासांत प्रतिबंधक प्रतिजैविक द्यायचे असते: रिफॅम्पिसिन दोन दिवस, सिप्रोफ्लॉक्सासिनची एक मात्रा किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे एक इंजेक्शन. गर्भवतीला यातले इंजेक्शनच निवडतात. अख्ख्या शाळेला गोळ्या वाटण्याची गरज नसते.

मेनिंजायटिसच्या निदानासाठी पाठीतले पाणी काढायला नातेवाईक घाबरतात, तेही समजून घ्यायला हवे. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. त्यामुळे पाय लुळे पडण्याची भीती अनाठायी आहे. खरे नुकसान होते ते आधीच घेतलेल्या अर्धवट प्रतिजैविकांमुळे. मग प्रयोगशाळेत त्या पाण्यातून जिवाणू वाढत नाहीत आणि कोणता जिवाणू होता हेच कळत नाही. मात्र तपासणीला उशीर होणार असेल तर रुग्णालयाने पहिले इंजेक्शन अडवून ठेवू नये.

बरे झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवण चाचणी, लहानग्यांची बेरा चाचणी (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी), घरी सोडण्यापूर्वी किंवा जास्तीत जास्त चार आठवड्यांत व्हावी. या आजारानंतर आतल्या कानात काही आठवड्यांतच हाड भरू लागते, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणे अवघड होते. मूल हाकेला ओ देते म्हणून चाचणी पुढे ढकलली जाते. एकाच कानाने ऐकणारे मूलही ओ देतेच. डिस्चार्ज कार्डावर या चाचणीची तारीख डॉक्टरांनीच लिहून द्यावी.

– संसर्गजन्य आजार व बालरोग विभागांतील काही डॉक्टर