पगाराची स्लिप वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण भोसरी एमआयडीसीत ज्यांनी ज्यांनी तुमच्या टेबलावर पगाराची स्लिप आणून ठेवली आहे, त्यांना हे पत्र कुणासाठी आहे ते बरोबर कळेल.

सगळ्यात मोठे आभार ओव्हरटाइमच्या ओळीबद्दल. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर मिळतो. ऑर्डर जोरात असली की हातात घसघशीत रक्कम पडते, आणि आमच्यातले बरेच जण त्या आकड्यावर बाइकचा हप्ता ठरवून मोकळे होतात. तुम्ही त्या ओळीवर पेन आडवं ठेवलंत, आकडा झाकलात आणि म्हणालात, ‘‘आता उरलंय त्यात महिना बसव.’’ बसला. ओढूनताणून, पण बसला.

मग स्लिपच्या पाठीवर तुम्ही वर्षाचे खर्च लिहून काढायला लावलेत: गाडीचा विमा, गावची जत्रा, दिवाळीची खरेदी आणि एसटीचं भाडं. बेरीज 18,000. भागिले 12, म्हणजे महिन्याला 1,500. हे पैसे दर महिन्याला खर्च झालेच असं धरायचं आणि वेगळ्या खात्यात टाकायचे. दिवाळीच्या तोंडावर उचल मागणाऱ्यांच्या रांगेत मी आता नसतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पोस्टातली आरडी तर तुम्ही पाठीस लागूनच उघडून घेतलीत. पगार 7 तारखेला, म्हणून खातं 15 तारखेच्या आत उघड, म्हणजे पुढचे हप्तेही दर महिन्याच्या 15 पर्यंतच भरावे लागतील; पैसे खिशात फार दिवस राहायला नकोत, हा तुमचा हिशेब. शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते. बारा हप्ते नियमित भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, हे मला ठाऊक नव्हतं. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तेच कामी आलं, खातं मोडावं लागलं नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. भिशी चालूच आहे. व्याज नाही, लेखी काही नाही, सगळं मान्य. पण महिन्यातून एकदा खोलीवर सगळे जमतात, चहा-भजी होतात. तो खर्च मी करमणुकीच्या रकान्यात टाकतो. रागावू नका.

आता एक काम. धाकटी बहीण नुकतीच नोकरीला लागली आहे. पगार पंचवीस हजारांच्या आत. महाराष्ट्रात एवढ्या पगारापर्यंत बायकांना एप्रिल 2023 पासून व्यवसाय कर माफ आहे, हे तुमच्याकडूनच कळलेलं. तिच्या स्लिपवर मात्र 200 रुपये कापलेले दिसतात. तिच्या ऑफिसात काय आणि कसं विचारायचं, ते तुम्हीच तिला सांगा. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिला घेऊन येतो.

तुमचा,
दुसऱ्या पाळीतला फिटर